भांडण कशावरून?

तालमीचा तिसरा दिवस होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची पाऊण तासाची एकांकिका बसवत होतो. पहिल्याच प्रवेशात कॅप्युलेट आणि माँटेग्यू या दोन घराण्यांचे नोकर भर चौकात समोरासमोर येतात, एक जण दुसऱ्याला डिवचायला अंगठा चावून दाखवतो आणि बघता बघता तलवारी निघतात. त्यातल्या एका नोकराचं काम करणारा मुलगा लातूरकडचा, बोलायला थेट. तो मध्येच थांबला. “सर, पण भांडण कशावरून आहे?” मी संहिता चाळली, मग पुन्हा चाळली. जुनं वैर आहे एवढंच. सगळी मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून ठोकून दिलं, “बांधावरून.”

बांध म्हटल्यावर मुलं अशी पेटली की मारामारीचा प्रवेश शिकवावाच लागला नाही. प्रयोगही जोरात झाला. पण नंतर कँटीनमध्ये चहा घेताना मागच्या टेबलावरची चर्चा कानावर आली. बांध नक्की कुणी कोरला असेल, कॅप्युलेटनं की माँटेग्यूनं? मोजणी का नाही आणली? ज्युलिएट मेल्याचं त्या प्रेक्षकांना वाईट वाटलं होतंच, पण त्याहून अधिक त्यांना सातबारा बघायचा होता. माझी चूक तिथं लक्षात आली. कारण दिलं की प्रेक्षक न्यायाधीश होतो, कुणाची बाजू खरी ते ठरवायला बसतो, आणि मग ती दोन पोरं पुराव्याच्या कागदांसारखी बाजूला पडतात.

शेक्सपिअरनं वैराचं कारण दिलेलं नाही. विसरला असेल असं मानायला जागा नाही, कारण दाईच्या नवऱ्यानं मारलेला फालतू विनोदसुद्धा त्यानं तपशिलानं लिहिला आहे. ही जागा त्यानं कोरी सोडली, आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत रंगभूमीवर या नाटकाचं जे काही झालं ते बरंचसं या कोऱ्या जागेत कुणी काय लिहिलं याचा इतिहास आहे. या नाटकाच्या रूपांतरांवरच्या हातातल्या लेखसंग्रहाकडे मी त्याच नजरेनं पाहतो.

गोष्ट शेक्सपिअरची नव्हेच, हे आधी नोंदवायला हवं. भिंतीच्या फटीतून बोलणारे आणि एका गैरसमजापायी जीव देणारे पिरॅमस आणि थिस्बी रोमन कवी ओव्हिडनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. १४७६ मध्ये मासुच्चोच्या कथासंग्रहात सिएना शहरातलं एक जोडपं आलं. त्यात गुपचूप लग्न, हद्दपारी, झोपेचं औषध आणि न पोचलेला निरोप हा सगळा मसाला आहे. १५३० च्या आसपास लुईजी दा पोर्तोनं ती कथा व्हेरोनात नेली आणि रोमिओ-ज्युलिएट ही नावं दिली. घराण्यांची नावं त्याच्याही आधी दान्तेच्या काव्यात येऊन गेली होती, तीही प्रेमाच्या नव्हे, तर राजकीय तटांच्या संदर्भात. पुढं बँडेल्लोनं १५५४ मध्ये ती पुन्हा सांगितली, बोआस्तूनं फ्रेंचमध्ये नेली, आणि १५६२ मध्ये आर्थर ब्रूक नावाच्या इंग्रज कवीनं तिचं लांबलचक काव्य केलं. ब्रूकची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. आईबापांचं न ऐकणाऱ्या, वासनेच्या आहारी गेलेल्या पोरांचं काय होतं ते बघा, असा तिचा सूर. आपल्याकडचा एखादा गावपुढारी आजही ती जशीच्या तशी वाचून दाखवेल.

शेक्सपिअरनं १५९५-९६ च्या सुमारास हे काव्य समोर ठेवून नाटक लिहिलं आणि हा उपदेश उचलून फेकून दिला. ब्रूककडे कित्येक महिने चालणारी गोष्ट त्यानं रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात कोंबली. ब्रूकची ज्युलिएट सोळाची. इथं तिला चौदावंही पूर्ण लागलेलं नाही. ब्रूककडे काही ओळींपुरता येणारा रोमिओचा मित्र मर्क्युशिओ इथं असा फुलला की तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्याला मारावंच लागलं. तोवर नाटक सरळसरळ विनोदी आहे. चावट नोकर, बडबडी दाई, मेजवानी, भिंतीवरून उडी मारणारा प्रेमिक, हे सगळं सुखांतिकेचं सामान. कॅप्युलेटांकडच्या टिबल्टची तलवार त्याला लागते आणि त्याच सामानातून शोकांतिका सुरू होते. नवख्या वाचकानं एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढच्या रूपांतरांतलं अर्धं राजकारण कळतं: पूर्वार्धातलं हसू ज्यानं कापलं, त्याच्या उत्तरार्धातलं रडू खोटं पडतं.

अडीचशे वर्षं या नाटकाची खरी अडचण ठरला तो शेवट. सॅम्युएल पीप्सनं १ मार्च १६६२ ला प्रयोग पाहिला आणि आयुष्यात ऐकलेलं सर्वांत वाईट नाटक अशी दैनंदिनीत नोंद केली. त्याच काळात जेम्स हॉवर्डनं दोघांना जिवंत ठेवणारं रूप केलं होतं. एक दिवस मरण, एक दिवस संसार, असे आळीपाळीनं प्रयोग झाल्याचं त्या नाट्यगृहाच्या प्रॉम्प्टरनं लिहून ठेवलं आहे. टॉमस ऑटवेनं १६७९ मध्ये सगळं उचलून प्राचीन रोममध्ये नेलं. या ‘केयस मेरियस’नं मूळ नाटकाला साठेक वर्षं रंगमंचावरून हुसकावून लावलं. ऑटवेकडे नायक मरण्याआधी नायिका शुद्धीवर येते आणि दोघांना निरोपाचा प्रसंग मिळतो. डेव्हिड गॅरिकनं १७४८ मध्ये तीच युक्ती उचलली, थडग्यातला भरगच्च संवाद स्वतः लिहिला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. गंमत अशी की दा पोर्तो आणि बँडेल्लो यांच्या कथांत ज्युलिएट वेळेत जागी होतेच. दोघांची चुकामूक व्हावी हा कठोरपणा बोआस्तूचा. म्हणजे गॅरिकनं गोष्ट तिच्या इटालियन माहेरी परत पाठवली. १७५० मध्ये लंडनच्या दोन्ही मोठ्या नाट्यगृहांत हेच नाटक समोरासमोर लागलं आणि बारा रात्री लोकांना दुसरं काही बघायला मिळेना, तेव्हा दोन्हीकडे मरत होते ते गॅरिकच्या पद्धतीनं. शेक्सपिअरचा शेवट ठामपणे परत आणला तो १८४५ मध्ये शार्लट कुशमन या अमेरिकन नटीनं. ती स्वतः रोमिओ झाली, बहीण सुझन ज्युलिएट. मूळ प्रयोगात ज्युलिएट एक मुलगाच करत असे, तेव्हा हिशेब पुरा झाला म्हणायचा. स्त्रीपार्टी नटांची परंपरा असलेल्या आपल्या रंगभूमीला यात नवल वाटायचं कारण नाही.

मराठीत नारायण बापूजी कानिटकरांचं ‘शशिकला आणि रत्नपाल’ १८८२ चं. नावं बदलली, वेश बदलले, गोष्ट राहिली. पण देवलांच्या ‘झुंझारराव’ला, म्हणजे ‘ऑथेल्लो’ला, मराठी रंगभूमीवर जे आयुष्य लाभलं ते रोमिओ-ज्युलिएटला लाभलं नाही. शोकांत आपल्याला रुचत नाही, संस्कृत नाट्यपरंपरेत रंगमंचावर मरण वर्ज्य, असं उत्तर ठरलेलं आहे. मला ते पटत नाही. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्येच शोकांत झालं होतं आणि झुंझाररावही शेवटी कमळजेला मारून मरतोच. मला अडचण दिसते ती ज्युलिएटच्या वयात. जवळपास चौदाची, अविवाहित, बाप आत्ता कुठं स्थळाचा विचार करतोय: एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा मराठी घरात अशी मुलगी म्हणजे घोडनवरी. तिचं लग्न केव्हाच उरकलेलं असणार. रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायचं नाकारलं आणि १८८४ पासून चार वर्षं तो खटला गाजला. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये वय दहावरून बारावर नेतो म्हणून पुण्यात रणं पेटली. त्या प्रेक्षकाला लग्नाआधीचं प्रेम दाखवायचं कुठं? व्हेरोनातली मुलगी आईबापांनी ठरवलेलं लग्न मोडते. आपल्याकडे ते मोडायला तिला आधीच उशीर झालेला होता. पुढं मंगेश पाडगावकरांनी मूळ नाटकाचा मराठी अनुवाद केला तो फार निराळ्या काळात.

विसाव्या शतकात रंगभूमीला शेवटाची चिंता उरली नाही, सुरुवातीची लागली. १९३५ मध्ये लंडनमध्ये जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ आलटून पालटून केले. गिलगुडनं काव्य गायिलं, ऑलिव्हिएनं ते अंगानं बोललं, आणि टीकाकार गिलगुडच्या बाजूचे असले तरी पुढचं शतक ऑलिव्हिएच्या वाटेनं गेलं. १९६० मध्ये झेफिरेल्लीनं ओल्ड व्हिकच्या प्रयोगात इटलीचा घाम, धूळ आणि ऊन रंगमंचावर आणलं. हा एक पंथ: गोष्ट तिथलीच, फक्त माणसं खरी.

दुसरा पंथ कोरी जागा भरणाऱ्यांचा, आणि त्याचा मूळपुरुष ‘वेस्ट साइड स्टोरी’. नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सच्या डोक्यात १९४९ मध्ये आलेली कल्पना ज्यू आणि कॅथलिक कुटुंबांची होती. ती बारगळली. काही वर्षांनी तरुणांच्या टोळ्यांच्या हाणामाऱ्या वर्तमानपत्रांतून गाजू लागल्या, आणि त्याला, संगीतकार बर्नस्टाइनला आणि संवादलेखक लॉरेंट्सला जागा सापडली: एकीकडे गोऱ्या पोरांची टोळी, दुसरीकडे पोर्टो रिकोतून आलेल्यांची. २६ सप्टेंबर १९५७ ला ब्रॉडवेवर पडदा उघडला. तालमींत रॉबिन्स दोन्ही टोळ्यांच्या नटांना एकमेकांत मिसळू देत नसे, जेवायलासुद्धा नाही. नाटकातलं वैर त्यानं आधी ग्रीनरूममध्ये पेरलं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते लॉरेंट्सचं एक कलम. शेक्सपिअरकडे दोघांचं लग्न लावणाऱ्या फ्रायर लॉरेन्सची चिठ्ठी रोमिओला मिळत नाही, कारण ती नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. टीकाकारांनी या योगायोगाला पिढ्यान् पिढ्या नावं ठेवली. लॉरेंट्सनं तिथं योगायोग ठेवलाच नाही. मारियाचा, म्हणजे इथल्या ज्युलिएटचा, निरोप घेऊन आलेल्या अनिताला समोरच्या टोळीतली पोरं दुकानात घेरतात, तिच्या अंगावर जातात, आणि ती संतापून खोटंच सांगते की मारिया मेली. निरोप द्वेषानंच अडवला. कारागीर म्हणून मी टोपी काढतो. तरीही मनात येतं की प्लेगचं ते बंद दार अधिक भयंकर होतं. २०२० मध्ये दारांवर कागद चिकटवलेल्या इमारती आपण सर्वांनी पाहिल्या. त्या वर्षी तो प्रवेश पुन्हा वाचला आणि योगायोग हा शब्द मी माझ्या टिपणांतून खोडला.

पुढं ही जागा कुणी कुणी भरली. १९९४ मध्ये जेरुसलेमला एका इस्रायली आणि एका पॅलेस्टिनी नाट्यसंस्थेनं मिळून प्रयोग केला. कॅप्युलेट हिब्रूत बोलत, माँटेग्यू अरबीत. २०१२ मध्ये मुनाधिल दाऊद यांनी बगदादचा रोमिओ ब्रिटनमध्ये आणला, शिया-सुन्नी हिंसेच्या सावलीतला. त्यात दोन घराण्यांचे प्रमुख म्हणजे दोन सख्खे भाऊ, आणि वाद बापाच्या जहाजाचं सुकाणू कुणाच्या हाती यावरून. हे वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. शुद्ध भाऊबंदकी! माझा बांध इतकाही लांबचा नव्हता.

नृत्याची वाट निराळी. प्रोकोफिएव्हनं १९३५ मध्ये बॅलेसाठी संगीत लिहिलं तेव्हा शेवट गोड केला होता. जिवंत माणसं नाचू शकतात, मेलेली नाहीत, असं साधं कारण त्यानं पुढं सांगितलं. मग तो शेवट बदलला आणि १९३८ मध्ये बर्नो शहरात बॅले पहिल्यांदा मंचावर आला. १९६५ मध्ये केनेथ मॅकमिलननं लंडनमध्ये रोमिओला निर्जीव ज्युलिएटबरोबर नाचवलं. तो तिला उचलतो, तिचा हात घसरतो, मान मागे पडते, आणि आधीच्या युगुलनृत्यातली उचल तो पुन्हा करून बघतो. प्रोकोफिएव्हला यापेक्षा चांगलं उत्तर कुणी दिलेलं मला माहीत नाही.

ब्राझीलच्या ग्रूपो गाल्पाओचा १९९२ चा प्रयोग मात्र मनात वेगळा बसलेला आहे. बेलो होरिझोंतेची ही मंडळी रस्त्यावर, चौकात नाटक करणारी. गाब्रिएल व्हिलेलाच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी एका जुन्या व्हेरानेओ मोटारीचाच रंगमंच केला. गाडीच्या टपावर, तिच्या आसपास, रंगवलेले चेहरे, सर्कशीतल्या कसरती, गावाकडची गाणी. २००० मध्ये हीच गाडी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात पोचली. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. शेक्सपिअरच्या संहितेत बाल्कनी कुठंच नाही. ज्युलिएट ‘वर’ असते एवढंच. तो शब्द ऑटवेच्या नाटकाबरोबर आला. व्हेरोनात पर्यटक जिच्याखाली फोटो काढतात ती बाल्कनीही विसाव्या शतकात जुन्या घराला बसवलेली आहे. तेव्हा मोटारीचं टप हे अधिक प्रामाणिक म्हणायचं. तमाशाच्या फडाचा ट्रक ज्यानं जवळून पाहिला आहे त्याला ते लगेच कळेल.

अलीकडचा पंथ मरायला नकार देणाऱ्यांचा. ‘अँड ज्युलिएट’ हे २०१९ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेलं संगीतक. त्यात शेक्सपिअरची बायको नवऱ्याला शेवट बदलायला लावते आणि ज्युलिएट पॅरिसला निघून जाते. मजेचं आहे, तिकीटबारीवर चाललं, त्याहून जास्त मला काही म्हणायचं नाही. नवार बुलबुल या सीरियन दिग्दर्शकाचा २०१५ चा प्रयोग त्याच्या दुसऱ्या टोकाला. जखमी सीरियन मुलांच्या अम्मानमधल्या रुग्णालयात रोमिओ, पायाला गोळा लागलेला एक मुलगा. ज्युलिएट वेढा पडलेल्या होम्स शहरात. मध्ये स्काइप. होम्सकडच्या मुलांचे चेहरे ओळख पटू नये म्हणून झाकलेले. संपर्क तुटे, पुन्हा लागे, तोवर प्रेक्षक थांबलेले. आणि शेवटी ही मुलं विष घेत नाहीत. रक्त पुरे झालं म्हणून सांगतात. मँचेस्टरमधली ज्युलिएट जगते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. होम्समधली ज्युलिएट पडद्यावरून पुसट होते तेव्हा नेटवर्क गेलं की आणखी काही, हे समोरच्यांना त्या क्षणी कळत नाही. या बुलबुलनं वैराच्या जागी काहीच लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

आता आपल्याकडे. नाटकाच्या सुरुवातीलाच सांगितलं जातं की दोन्ही घराणी मानानं सारखी आहेत. भारतीय रूपांतरकार इथंच अडतो. आपली दोन घरं जेव्हा एकमेकांच्या जिवावर उठतात तेव्हा ती बहुधा सारखी नसतात. एक वरचं असतं, एक खालचं, आणि तलवार एकाच बाजूला असते. त्यामुळे माँटेग्यूच्या जागी एक जात आणि कॅप्युलेटच्या जागी दुसरी घातली की नाटक आपोआप मराठी होतं हा समज मला धोक्याचा वाटतो. मग शेवटी दोन बाप हात मिळवतात तेव्हा त्या समेटात काहीतरी फार मोठं झाकलं जातं. ‘सैराट’नं २०१६ मध्ये पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा घेतला आणि समेट ठेवलाच नाही. तो सिनेमा आहे, आणि संपादकांनी सिनेमा या संग्रहाबाहेर ठेवला आहे. त्यांचा निर्णय, माझी कुरकुर.

आणखी एक. फ्रायर लॉरेन्स त्या दोघांचं लग्न ओळख झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लावून टाकतो, कुणाला पत्ता नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आपल्याकडच्या जोडप्याला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. शेक्सपिअरचं नाटक पाच दिवसांचं. तीस दिवस भिंतीवर नाव लटकलेल्या ज्युलिएटचं नाटक मराठीत कुणी तरी लिहायला हवं.

हा संग्रह ते नाटक नाही. पण ते लिहू पाहणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. दिग्दर्शक, नेपथ्यकार, अनुवादक, नर्तक, दोन प्राध्यापक आणि एक प्रकाशयोजनाकार यांना संपादकांनी एकच प्रश्न पाठवला होता: वैराचं तुम्ही काय केलंत? उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. काहींनी प्रश्नच चुकीचा ठरवला आहे. नाटक वेळेचं आहे, वैराचं नव्हे, असं एक जण ठासून मांडतो, आणि त्याचं वाचताना मी दोनदा डळमळलो. अनुवादाबद्दलचे लेख सर्वांत रोखठोक, कारण अनुवादकाला ‘तू’ कधी आणि ‘तुम्ही’ कधी हे प्रत्येक ओळीला ठरवावं लागतं. ज्युलिएट रोमिओला पहिल्यांदा एकेरीत कधी हाक मारते यावर इथं आठ पानं खर्ची पडली आहेत आणि एकही वाया गेलेलं नाही. मूळ नाटक न वाचलेल्यानंही हा संग्रह खुशाल उघडावा. फक्त एखाद्या चांगल्या अनुवादातला नोकरांचा पहिला प्रवेश तेवढा आधी वाचावा, मोठ्यानं, दोघांनी.

तो प्रवेश मी पुढं एका शिबिरात पुन्हा बसवला. या खेपेला कारण दिलं नाही. प्रत्येकानं आपापल्या मनात एक धरायचं आणि कुणाला सांगायचं नाही, एवढीच अट. बांधाच्या वेळचा तो लातूरचा मुलगा, आता बँकेत नोकरीला, हौसेनं त्या शिबिराला आला होता आणि त्यानं तीच भूमिका मागून घेतली. ही प्रस्तावना लिहिताना त्याला फोन केला. विचारलं, तेव्हा मनात कोणतं कारण धरलं होतंस? तो थोडा वेळ गप्प राहिला. “विसरलो, सर,” म्हणाला. “पण समोरच्याच्या हाताला तेव्हा खरंच लागलं होतं.”